श्वास शिकवला, घास राहिला

सरकारी रुग्णालयातला लहान मुलांचा वॉर्ड. दुपारची वेळ, डोक्यावर पंखा फिरतोय पण वारा लागत नाही. नात्यातल्या एका बाळाला बघायला गेलो होतो. शेजारच्या खाटेवर सात वर्षांचा मुलगा होता. सेरेब्रल पाल्सी, त्यात न्यूमोनिया. त्याची आई चिठ्ठी घेऊन खाली औषधांच्या खिडकीवर गेलेली. तेवढ्यात नर्सिंगची एक विद्यार्थिनी तापाचे औषध पाजायला आली. मुलगा उताणा पडलेला. तिने त्याची हनुवटी वर केली, मापाचे झाकण तोंडात रिते केले आणि वरून पाणी ओतले. पोर ठसकले. ओठ काळेनिळे पडले. इनचार्ज सिस्टर धावत आल्या, त्याला कुशीवर वळवले, सक्शन लावले. पाच मिनिटांत सगळे निवळले.

आई परत आली तेव्हा तिला कुणी काही सांगायची गरज पडली नाही. ती ओरडली नाही, रडलीही नाही. सवयीची असावी. तिने पोराला मांडीवर उभट बसवले, त्याचे गुडघे दुमडून घेतले, मानेमागून हात घालून डोके जरासे पुढे झुकवले. चमच्याचे टोक खालच्या ओठाला टेकवले आणि थांबली. ओठ उघडेपर्यंत थांबली. अर्धा चमचा. गळा वर जाऊन खाली आला की नाही ते बोट लावून पाहिले, मग दुसरा अर्धा. विद्यार्थिनी खाटेच्या कडेला उभी राहून बघत होती. म्हणाली, "ताई, हे आम्हाला कुणी दाखवलंच नाही हो."

तिचे खरे होते. दाखवले नाही, हाच शब्द बरोबर. शिकवले मात्र असेल. बालआरोग्य परिचर्येच्या पुस्तकात अशा मुलांवर प्रकरण असते. त्यात कारणे असतात, वर्गीकरण असते, बुद्ध्यंकाचे तक्ते असतात: सौम्य, मध्यम, तीव्र, अतितीव्र. परीक्षेला 'टीप लिहा' म्हणून येते आणि मुली पाठ करून लिहितातही. पण पुस्तकातली तीव्र आणि अतितीव्र मुले तोंडात औषध धरून ठेवतात, चमचा चावतात, ठसकली की निळी पडतात, हे कळायला तक्ता कामाचा नाही.

आता त्याच इमारतीत एक मजला खाली उतरा. तिथे प्रसूतिकक्ष आहे. जन्मलेले मूल रडले नाही तर काय करायचे, हे तिथल्या सिस्टरना झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल: कोरडे करायचे, ऊब द्यायची, मान सरळ ठेवायची, पाठ चोळायची, तरीही श्वास नाही तर पहिल्या मिनिटाच्या आत बॅग आणि मास्क. २००९ साली नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू झाला, त्यातून हे शिकवले गेले. दोन दिवसांचे प्रशिक्षण, समोर बाहुली, प्रत्येकीच्या हातात बॅग. नुसत्या व्याख्यानावर कुणी सोडून दिले नाही. त्याच्याही आधी गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतल्या बेताच्या शिकलेल्या बायकांना घरोघरी नवजात बाळ सांभाळायला, गुदमरलेले ओळखायला, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायला शिकवले होते. हजारी ६२ असलेला तिथला नवजात मृत्युदर तीन वर्षांत २५ च्या आसपास आला, आणि १९९९ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. म्हणजे बाईच्या हाताला नेमके काम शिकवले की काय होते, याचा पुरावा शोधायला महाराष्ट्राबाहेर जायला नको.

या वाचवलेल्या मुलांतली बहुतेक धडधाकट वाढतात. काही मात्र नाही. कुणाला श्वास उशिरा आला, कुणाची कावीळ मेंदूपर्यंत चढली, कुणाची साखर उतरली, कुणाला मेंदूज्वर झाला. ही मुले तीन वर्षांनी, पाच वर्षांनी छाती भरली म्हणून, फिट थांबत नाही म्हणून, त्याच रुग्णालयात परत येतात, आता एक मजला वर. शिवाय डाऊन सिंड्रोमची, स्वमग्न, जन्मापासूनच वेगळी असलेली मुले आहेतच. ज्या व्यवस्थेने पहिल्या मिनिटासाठी नर्सला दोन दिवस दिले, तिने या पुढच्या पंधरा-वीस वर्षांसाठी काय दिले? एक प्रकरण आणि एक व्हिजिट.

व्हिजिटबद्दल थोडे सांगायलाच हवे, कारण नर्सिंग कॉलेजे आणि विशेष शाळा या दोघांनाही ती चांगली ठाऊक आहे. एक बस येते. पांढऱ्या एप्रनमधल्या चाळीस मुली उतरतात. शाळेतली मुले रांगेत बसवलेली असतात, एक प्रार्थना होते, एक नाच होतो. मुख्याध्यापिका संस्थेची माहिती सांगतात, मुली वहीत उतरवून घेतात. मग बिस्किटांचे पुडे वाटायचे, पायरीवर सगळ्यांचा फोटो, आणि दीड तासात बस परत. आठवड्याने 'व्हिजिट रिपोर्ट' जमा होतो: शाळेची स्थापना, उद्दिष्टे, कर्मचारी संख्या, विद्यार्थी संख्या, समारोप. बिस्किट वाटणाऱ्या चाळीसपैकी एकीनेही एका मुलाला ते बिस्किट भरवलेले नसते. भरवले असते तर निदान एवढे कळले असते की समोरच्या दहांतल्या दोघातिघांना कोरडे बिस्किट देणे धोक्याचे आहे.

ही मूठभर मुलांची गोष्ट आहे असे कुणाला वाटत असेल तर एक आकडा. पलवल, कांगडा, ढेंकानाल, हैदराबाद आणि आपल्या शेजारचा उत्तर गोवा, अशा पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची घरोघर जाऊन तपासणी झाली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अपस्मार, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, वाचा, श्रवण आणि दृष्टी यांपैकी किमान एक अडचण सहा वर्षांखालच्या ९.२ टक्के आणि सहा ते नऊ वयाच्या, अध्ययन अक्षमता आणि अतिचंचलताही धरून, १३.६ टक्के मुलांत आढळली. ठिकाणागणिक आकडा बराच खालीवर होतो, आणि यातल्या सगळ्यांनाच भरवावे लागत नाही, हे मान्य. तरी ज्या वॉर्डात आजारीच मुले येतात तिथे यांचे प्रमाण गावापेक्षा कमी कसे असेल?

कायदा झोपलेला नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ४७ मध्ये डॉक्टर, परिचारिका, आशा, अंगणवाडी सेविका यांच्या शिक्षणात दिव्यांगत्व हा घटक घालावा असे स्पष्ट लिहिले आहे. परिचारिकांचे नाव घेऊन लिहिले आहे. पण 'घटक घालावा' एवढे म्हटले की आपल्याकडे काय होते ते सर्वांना माहीत आहे. अभ्यासक्रमात एक ओळ वाढते. दुसरीकडे १९९२ च्या पुनर्वास परिषद कायद्याने ज्यांना पुनर्वसनातले व्यावसायिक म्हणून मान्यता दिली त्या यादीत वाचाउपचारक आहेत, मानसशास्त्रज्ञ आहेत, विशेष शिक्षक आहेत, कृत्रिम अवयव बनवणारे आहेत, कानाचे साचे काढणारे तंत्रज्ञ आहेत. नर्स नाही. म्हणजे दिव्यांगांचे खाते तिला आरोग्याची समजते, आणि आरोग्याचे खाते या मुलांना दिव्यांग खात्याची. मध्ये रात्रपाळीची सिस्टर. बाकी सगळे तज्ज्ञ चार-पाच वाजता घरी जातात.

आपल्याला नावे बदलायची मात्र मोठी हौस. अपंग गेले, विकलांग गेले, दिव्यांग आले. मतिमंद हा शब्द पाट्यांवरून हळूहळू उतरतो आहे, ते चांगलेच. पण त्या मुलाला उचलणारा हात बगलेतून धरायचा की मांड्यांखालून, यावर कुठला शासन निर्णय निघाल्याचे ऐकिवात नाही.

२०१३ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशपातळीवरचा प्रारंभ पालघरला झाला, तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होते. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातला विलंब अशा चार गटांतल्या तीस दुखण्यांसाठी अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासायचे, अशी ती योजना. गाडीतून फिरणाऱ्या पथकात दोन आयुष डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक नर्स किंवा आरोग्य सेविका. योजना उत्तम, आणि पुष्कळ मुलांची हृदये नि फाटलेले ओठ तिने दुरुस्त करून आणले आहेत. पण तिचा रोख शोधण्यावर आहे. शोधलेले मूल जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचे. तिथे तज्ज्ञ तपासतात, व्यायाम दाखवतात, पुढची तारीख देतात. मधल्या काळात ते मूल आजारी पडले तर ते केंद्रात जात नाही, वॉर्डात जाते. आमचा मुद्दा त्या वॉर्डापुरता आहे.

शिकवायचे काय, असे विचारणारे विचारतात. ऐका.

वजन. उभे राहता न येणाऱ्या मुलाचे वजन केसपेपरवर कितीदा 'अंदाजे' लिहिले जाते ते एकदा मोजा. सात वर्षांचा म्हणजे वीस किलो, असा अंदाज. प्रत्यक्षात पोर बारा किलोचे. लहान मुलांचे प्रत्येक औषध किलोवर मोजतात, फिटचे तर हटकून. आईला काट्यावर एकटी उभी करायचे, मग पोराला कडेवर घेऊन उभी करायचे, वजाबाकी करायची. एवढे सोपे आहे. पण ते सांगायला कुणीतरी लागते, आणि मोठ्यांचा काटा लहानांच्या वॉर्डात लागतो.

उपाशी ठेवणे. उद्या सकाळी दातांचे किंवा हर्नियाचे ऑपरेशन, म्हणून रात्री बारापासून काही द्यायचे नाही. सिस्टर नियमाच्या पक्क्या, काहीच देत नाहीत. त्यात फिटच्या गोळीचा सकाळचा डोसही राहतो आणि पोराला ऑपरेशनच्या दारातच फिट येते. भूलतज्ज्ञाला विचारून ती गोळी घोटभर पाण्याबरोबर द्यायची असते किंवा दुसरी सोय करायची असते. विचारायचे असते, हे ठाऊक असायला हवे.

वेदना. हे सगळ्यांत अवघड, म्हणून इथे जरा थांबू. बोलू न शकणाऱ्या मुलाला दुखते आहे हे ओळखायचे कसे? मिशिगन विद्यापीठात तयार झालेली एक पट्टी आहे, 'फ्लॅक' नावाची. चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि शांत होणे, या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण द्यायचे, जास्तीत जास्त बेरीज दहा. साध्या बाळांना ती लागू पडते. पण ज्याचे पाय एरवीही ताठच असतात, ज्याचा चेहरा एरवीही वाकडा होतो, त्याला कसे गुण देणार? म्हणून तिची सुधारलेली आवृत्ती निघाली. त्यात आईवडिलांना विचारून त्या मुलाच्या दुखण्याच्या खास खुणा लिहून घेतात. कुणी दुखले की हसत सुटतो. कुणी अगदी गप्प होतो, आणि वॉर्डात गप्प मूल म्हणजे गुणी मूल! कुणी स्वतःच्या हाताला चावतो. खाटेवरच्या अशा पोराला 'हायपर आहे' म्हणून झोपेचे औषध दिले जाते, आणि दोन दिवसांनी कळते की दाढ किडली होती, कान फुटला होता किंवा आठवडाभर पोट साफ नव्हते. नर्सला ही पट्टी लावता यायला एक दुपार पुरे. यंत्र नको, खर्च नको.

सुई. स्वमग्न मुलाला सलाईन लावायचे म्हणजे चौघांनी धरायचे, असा रिवाज आहे. एक हातावर, एक पायावर, एक डोक्यावर, चौथी सुईवर, आणि आई दाराबाहेर. त्यानंतर ते पोर पांढरा कोट बघितला की तीन वर्षे किंचाळते. त्याऐवजी वॉर्डाच्या गोंगाटातून बाजूच्या खोलीत न्यावे, ट्यूबलाईट लुकलुकत असेल तर बंद करावी, आधी काय मग काय हे चित्रांतून किंवा बाहुलीवर दाखवावे, चिकटपट्टी त्याच्याच हातात द्यावी, आईला जवळ ठेवावे. वीस मिनिटे लागतात. चौघींची पाच-पाच मिनिटे म्हणजेही वीसच होतात, पण हा हिशेब कुणी मांडत नाही.

आणखीही आहे: डाऊन सिंड्रोमच्या मुलाची मान हलक्या हाताने का हाताळायची, पाठीच्या कण्याची जन्मजात फट असलेल्या मुलाला रबरी हातमोज्यांची ॲलर्जी का असू शकते. ते पुस्तकातून शिकता येईल. वरचे चार प्रकार पुस्तकातून येत नाहीत.

मग कुणाकडून येतात? बाल विकासातले तज्ज्ञ डॉक्टर मोजके, तेही मुंबई-पुण्यात एकवटलेले. मुंबईत २००१ पासून काम करणारी 'उम्मीद' किंवा पुण्याच्या केईएम रुग्णालयातले बालविकास केंद्र यांच्यासारख्या ठिकाणी उत्तम जाणकार मंडळी आहेत, पण ती गोंदिया नि परभणीच्या प्रत्येक वॉर्डात कशी पोहोचणार? तिथे आधीच पोहोचलेली जाणकार म्हणजे खाटेशेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेली आई. सात वर्षे, दिवसातून पाच वेळा, तिने त्या मुलाला भरवले आहे. इतका सराव कुठल्या ट्यूटर मॅडमला असणार? आमची मागणी एवढीच आहे: नर्सिंगच्या प्रात्यक्षिकात या आयांना शिक्षिका म्हणून बोलवा. विद्यार्थिनीने त्यांच्यासमोर, त्यांच्या संमतीने, एका मुलाला एक जेवण पूर्ण भरवावे, एकदा वजन घ्यावे, एकदा अंघोळ घालावी, आणि आईने लॉगबुकवर सही करावी. ती सही नसेल तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसू देऊ नये. नोकरीत असलेल्या सिस्टरांसाठीही हेच, दोन दिवस. श्वासाला दोन दिवस दिले, तेवढेच घासाला.

हे अगदीच जगावेगळे नाही. ब्रिटनमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्यांची शुश्रूषा ही नर्सिंगची वेगळी शाखाच आहे. तरीही तिथे २०१६ साली ऑलिव्हर मॅकगोवन हा अठरा वर्षांचा स्वमग्न मुलगा ब्रिस्टलच्या रुग्णालयात दगावला. आपल्याला चालत नाही असे तो आणि त्याचे आईवडील सांगत असताना त्याला मानसिक आजारावरचे औषध दिले गेले होते. त्याच्या आईने लढा दिला, आणि २०२२ च्या कायद्याने इंग्लंडमधल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नतेविषयीचे प्रशिक्षण सक्तीचे झाले. त्याला आज ऑलिव्हरचेच नाव आहे, आणि ते शिकवणाऱ्यांत स्वमग्न आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीही असतात. आपल्याकडे एखादे पोर ठसका लागून गेले तर केसपेपरवर 'न्यूमोनिया' लिहिले जाते, आणि ते खोटेही नसते.

यावर सिस्टर मंडळींचे उत्तर आम्हाला ठाऊक आहे, आणि ते बिनतोड आहे. रात्रपाळीला अख्खा वॉर्ड एकीवर. चाळीस खाटा, काही खाटांवर दोन-दोन मुले, वर कागदपत्रे. एका पोराला अर्धा तास चमच्याने भरवत बसायचे तर बाकीची इंजेक्शने कोण देणार? खरे आहे. रिक्त पदे भरल्याशिवाय कुठलेच प्रशिक्षण वॉर्डात उतरणार नाही, आणि प्रशिक्षणाचा दाखला मिळालेल्या सिस्टरची तिसऱ्या महिन्यात डोळ्यांच्या विभागात बदली होणार असेल तर उतरलेलेही टिकणार नाही. पण सगळे घास नर्सने भरवावेत असे कुणीच म्हणत नाही. आई भरवेल. ती नसताना आडवे ठेवून पाजू नये, ती सांगत असताना "आम्हाला शिकवू नका" म्हणू नये, आणि तिने सांगितलेले एका कागदावर उतरवून खाटेला अडकवावे: हा 'हो' कसा म्हणतो, दुखले की काय करतो, कसा बसवून पाजायचा, कशाला भितो. चार ओळी. त्या रात्रपाळीच्या सिस्टरला वाचायला अर्धे मिनिट लागते, आणि एका सक्शनचा वेळ वाचतो.

हा विषय आरोग्य खात्यातल्या एका अधिकाऱ्यांशी बोलून पाहिला. सज्जन गृहस्थ. कल्पना त्यांना पटली, आया शिकवतील यात तर त्यांना काहीच वावगे वाटले नाही. फक्त मानधनापाशी अडले. तिची रोजंदारी बुडते, येण्याजाण्याचे भाडे आहे, मग पैसे द्यायलाच हवेत, हे त्यांनाही मान्य. "पण ती ना डॉक्टर, ना प्राध्यापक, ना कर्मचारी," ते म्हणाले, "टाकायचं कोणत्या लेखाशीर्षाखाली?"

तीन डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, व्यासपीठावरच्या पाहुण्यांची शाल नि श्रीफळ ज्या लेखाशीर्षाखाली टाकता, त्याच.